कोपरानं कडी काढणारे सर

साबळे सर कुठल्याही दाराची कडी कोपरानं काढत. प्रयोगशाळेची तर काढतच, पण वाचनालयाची, प्राचार्यांच्या खोलीची आणि एकदा आमच्या घराच्या फाटकाचीही त्यांनी कोपरानंच काढली होती. त्यासाठी त्यांना जरा तिरकं होऊन गुडघ्यात वाकावं लागे. सहा फुटांचा माणूस दारापुढं असा वाकला की मागं उभी असलेली मुलं खुदखुदत. मुलांनी त्यांचं नाव ‘कोपरसर’ ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. ‘हसू द्या,’ ते म्हणत, ‘हात धुऊन हसले म्हणजे झालं.’

मी त्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा आमचं शहर औरंगाबादच होतं आणि माझं घर औरंगपुऱ्यातल्या एका बोळात होतं. सर माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, मूळचे लासूर स्टेशनकडचे, घरी जमीनजुमला असलेले. पन्नाशीला टेकले तरी त्यांची डॉक्टरेट व्हायची होती. आमच्या विभागात ते सगळ्यात जास्त वाचलेले आणि सगळ्यात जास्त भ्यालेले गृहस्थ होते.

त्यांच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असे. रोज चार वाजता ते तोंडात धरून बसत आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत. नव्याण्णव आला की ती तारीख तांबड्या शाईनं गोल व्हायची. काचसामान धुणारे आमचे शफीकमामू तो गोल बघून म्हणायचे, ‘बुखार तुमकू नै जी साब, क्यालेंडर कू आता.’ सर हसायचे, पण अर्ध्या तासानं पुन्हा थर्मामीटर तोंडात असायचं. विभागात त्यांनी कधी चहा घेतला नाही. त्यासाठी ते रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीवर जात, आणि तिथंही आधी बंबातलं कढत पाणी मागून कप विसळून घेत.

आणखी एक खूण होती, ती मला फार उशिरा कळली. वर्गात सरांची भाषा छापील असे. पण भीती वाटली की त्यांच्या तोंडून लासूरकडची बोली निघायची. ‘बाई, ती बाटली लई काठावर हाय’ असं ते म्हणाले की मी आधी बाटली सरकवायची आणि मग ‘काय झालं सर?’ म्हणून विचारायची.

ही सगळी भीती एका जंतूची होती. शेळ्या-मेंढ्या गाभडतात, म्हणजे त्यांचा गर्भ पडतो, तो या जंतूमुळं. माणसाच्या पोटात तो कच्च्या दुधातून जातो. मग ताप येतो, जातो, पुन्हा येतो, घाम सुटतो, कंबर धरते, आणि वरून पाहणाऱ्याला माणूस धडधाकट दिसतो. आम्ही लशीसाठी कमजोर केलेला जंतू वापरायचो. सर म्हणायचे, ‘कमजोर म्हणजे मेलेला नाही. कमजोर वाघासमोर बसता का तुम्ही?’

पडेगावच्या बाजूला शेळ्या पाळणारे लोक होते. कुणाची शेळी गाभडली की सर सायकलवरून तिकडं जात आणि लांब उभे राहून ओरडत, ‘दूध उकळा! तीन उकळ्या आल्याशिवाय पोरांना देऊ नका!’ एकदा एक बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, ‘मास्तर, जवळ येऊन सांगा की. आमी काय खातो व्हय तुमाला?’ सर आणखी दोन पावलं मागं सरकले. ही गोष्ट सांगताना मी नेहमी हसते, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

त्याचं कारण लासूरला होतं. सरांना ज्ञानदेव नावाचा धाकटा भाऊ. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट, हा पंधरा वर्षांचा, सर अठराचे. ज्ञानदेवला ताप यायला लागला. चार दिवस यायचा, आठ दिवस जायचा. दुपारी बरा दिसायचा आणि संध्याकाळी अंथरुणात. वडील म्हणाले, हा कामचुकार आहे, मोटेवर जायच्या वेळी याला बरा ताप येतो. सरांनाही तसंच वाटलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, दाराकडं तोंड करून. ‘मी त्याची वाकळ ओढली बाई. दोन थोबाडीत दिल्या. हाताला धरून विहिरीवर नेला. तो आला माझ्यासंगं. काही बोलला नाय.’ असं दोन वर्षं चाललं. शेवटी पाठीचा कणा धरला तेव्हा तो कायमचा वाकला. पुढं कॉलेजात सरांनी पुस्तकात या रोगाचं वर्णन वाचलं, आणि ओळीओळीत त्यांना भाऊ दिसला. त्या दिवसापासून कोपर सुरू झालं.

एरवी आमच्यासारख्यांनी हळहळून गप्प बसायचं असतं. सरांनी प्रश्न मांडला. हा जंतू पेशीच्या बाहेर लढत नाही, तो आत शिरून बसतो. मग त्या घरमालक पेशीचं काय होतं? नवी पेशी व्हायची तर आधी डीएनएची नवी प्रत तयार व्हावी लागते. पाहुणा आत बसल्यावर ते काम चालू राहतं की बंद पडतं?

हे बघायची रीत मला आजही सुंदर वाटते. चपट्या बाटल्यांत पेशी वाढवायच्या. त्यांना थायमिडीन नावाचं किंचित किरणोत्सारी रसायन द्यायचं. नवा डीएनए करणारी पेशी ते उचलते आणि केंद्रकात बसवते. मग त्या पेशी काचेवर घेऊन, अंधाऱ्या खोलीत त्यांच्यावर फोटोच्या फिल्मसारखा लेप द्यायचा आणि काळ्या डब्यात दोन आठवडे ठेवायच्या. काचा धुतल्या की काम करणाऱ्या केंद्रकावर काळे ठिपके उठतात. सर त्यांना तीळ म्हणत. तीळ असले तर काम चालू, नसले तर बंद. मोजायचं काम माझं होतं, कारण सरांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता.

सहा वर्षं उत्तर एकच आलं. स्वच्छ पेशींवर तीळच तीळ आणि जंतू शिरलेल्या पेशी कोऱ्या.

पहिल्यांदा हे नक्की झालं तेव्हा सरांनी लासूरहून भावाला बोलावून घेतलं. ज्ञानदेव काठी टेकत आले, दारातच चपला काढल्या. सरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. ‘हे बघ. ह्या निरोग्या. आता ह्या बघ. आत काम बंद पडलंय. तुझ्या आत हे झालतं ज्ञानू. तू आळशी नव्हतास. पुरावा हाय माझ्याकडं.’ काचेवरच्या पेशी आणि माणसाचं अंग यांत किती अंतर आहे ते सरांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ते बोलले, आणि मी त्यांना अडवलं नाही. ज्ञानदेवांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला. उठताना ते एवढंच म्हणाले, ‘बरं झालं दादा, कळलं.’ पुढं म्हणे ते बाजारात भेटेल त्याला सांगत, की माझ्या आतलं काम बंद पडलं होतं, दादानं काचेत दाखवलं.

आता सरांची कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. जंतू ज्यात सोडायचा त्या बाटल्यांना पहिल्या दिवसापासून सर एकटेच हात लावत. आम्हाला शिवू देत नसत. ‘तुमची अजून लग्नं व्हायचीत, पोरं व्हायचीत,’ असं म्हणत. स्वच्छ बाटल्या माझ्याकडं. पेशींना दर दोन दिवसांनी पोषकद्रव पाजावा लागे, त्याला आम्ही रस्सा म्हणायचो. जंतूचा द्रव ओढायला सर रबरी फुगा वापरत, त्यात कधी चूक नाही. पण रस्सा स्वच्छ, त्याची काय भीती? तो ते पिपेटच्या काचनळीला तोंड लावून ओढत, तसा तेव्हा सगळ्याच प्रयोगशाळांत ओढत असत. पिपेटच्या तोंडाशी कापसाचा बोळा असायचा. मला त्या कापसाची चव आवडायची नाही म्हणून मी रश्शालाही फुगाच वापरायची. माझं आडनाव वैद्य; सर चिडवायचे, ‘वैद्यबाई, तुमचं सोवळं माझ्याहून कडक!’

प्रबंध टंकून तयार झाला, बांधून आला. सोनेरी अक्षरांच्या पाच प्रती. मुदतवाढी सगळ्या संपलेल्या, शेवटची तारीख महिन्यावर आलेली. आणि त्याच आठवड्यात मला ताप आला.

थंडी वाजून ताप आला, उतरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. निरोप गेल्यावर तासाभरात आमच्या फाटकाची कडी कोपरानं निघाली. सर अंगणातच थांबले. आत या म्हटलं तर येईनात. आईला म्हणाले, ‘घाम येतो का हिला? कंबर दुखती का? दूध कुठून घेता तुमी?’ सगळं बोलीत. मी आत पडल्या पडल्या ऐकत होते आणि स्वतःची कंबर चाचपत होते. तोवर मला वाटत होतं की आपण या जंतूला भीत नाही, भिणं हे सरांचं खातं आहे. मग सर आत आले, रक्त घ्यायला. सुईचं टोक माझ्या दंडापासून वीतभर लांबच राहिलं, तेव्हा आईनं त्यांचं मनगट धरून जवळ आणलं. ‘माझी चूक हाय,’ ते म्हणाले, ‘मी हिला जवळ बसू दिलं.’

दोन दिवस मी छताकडं बघत ज्ञानदेवांची पाठ आठवत होते. तिसऱ्या दिवशी सर धावत आले. ‘मलेरिया! बाई, मलेरिया निघाला!’ आईनं देवापुढं साखर ठेवली. मलेरिया झाला म्हणून साखर वाटणारं आमचंच घर असेल.

मी तीन आठवडे घरी होते. माझ्या स्वच्छ बाटल्या तेवढे दिवस सरांनी सांभाळल्या आणि नेहमीप्रमाणं त्यांच्या काचाही काळ्या डब्यात ठेवल्या. प्रबंधात त्यांची गरज नव्हती. पण सर कुठलंही काम मध्येच सोडत नसत.

कामावर आले तेव्हा शेवटच्या तारखेला दहा दिवस उरले होते. मी डबा उघडला, काचा धुतल्या, मोजायला बसले. स्वच्छ पेशी, जंतूचा स्पर्शही न झालेल्या, आणि तीळ नाहीत. एक काच, दुसरी काच, सगळ्या कोऱ्या. मला वाटलं लेप बिघडला असेल. पण मी आजारी पडायच्या आधीच्या दोन काचा त्याच डब्यात होत्या. त्यांवर तीळ भरघोस उठले होते. मी सरांना हाक मारली.

सरांनी एकदा बघितलं. मग खुर्ची मागं सरकवून ते माझ्या फुग्याकडं बघत राहिले. मला अजून काहीच कळलं नव्हतं.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘तुमच्या बाटल्यास्नी ह्या येळी रस्सा कोणी पाजला?’

‘तुम्ही.’

‘कशानं?’

मी पिपेटच्या तोंडाशी असलेल्या कापसाकडं बघितलं. आपल्या सगळ्यांच्या तोंडात मायकोप्लाझ्मा नावाचे अगदी बारीक जंतू असू शकतात. आपल्याला त्यांचा उपद्रव नाही. ते कापसातून निसटतात, पेशींच्या बाटलीत सुखानं राहतात, रस्सा गढूळ करत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. आणि थायमिडीन मोडून खातात. मग पेशी कितीही काम करत असली तरी तिला ते मिळत नाही, आणि काच कोरी निघते. म्हणजे सहा वर्षं आम्ही ज्याला शेळीच्या जंतूचा प्रताप समजत होतो तो सरांच्या थुंकीचा असू शकत होता. सरांनी आम्हाला जपायला त्या बाटल्या एकट्यानं सांभाळल्या नसत्या, तर दोन्हीकडं सारखीच घाण झाली असती आणि घोटाळा केव्हाच उघडा पडला असता.

‘जंतूला भ्यालो,’ सर म्हणाले. ‘माझ्या तोंडाला भ्यालो नाय.’

तपासायची रीत होती. घोड्याचा रक्तद्रव घातलेल्या, जंतू वाढवायच्या तीन ताटल्या त्यांनी केल्या. एकीवर सरांच्या बाटलीतला थेंब, दुसरीवर मी नव्यानं लावलेल्या बाटलीतला, तिसरीवर सरांची थुंकी. आतला प्राणवायू कमी व्हावा म्हणून मेणबत्ती लावून बंद केलेल्या बरणीत त्या ठेवल्या. उत्तर यायला तीन आठवडे लागणार होते. प्रबंधाला दहा दिवस होते.

ते दहा दिवस मला अजून आठवतात. थर्मामीटर टेबलावर पडून असायचं, कॅलेंडर कोरं. मध्येच बरणीपाशी जाऊन ते उभे राहत, तिला हात न लावता. विभागप्रमुख म्हणाले, साबळे, देऊन टाका, परीक्षक काय तुमचं तोंड तपासायला येणार आहेत? आणि मीही तेच म्हणाले. ‘सर, अजून काही सिद्ध झालेलं नाही. द्या.’ मला त्याची आज लाज वाटते. शफीकमामूंनी मात्र सगळ्या पिपेट पुन्हा उकळल्या.

शेवटच्या दिवशी सर मला म्हणाले, सोबत चला. रिक्षात ते पाच प्रती मांडीवर घेऊन बसले होते. विद्यापीठाच्या त्या कार्यालयाला लाकडी दार होतं, आतून माणसांचे आवाज येत होते. सर तिरके झाले, गुडघ्यात वाकले, कोपर कडीला लावलं, आणि तसेच राहिले. मी वाट बघत होते. एक कारकून मागून आला, म्हणाला, ‘साहेब, आत जायचंय का?’

‘नाय,’ सर म्हणाले. ‘नाय व्हायचं माझ्याच्यानं.’

परतताना मी धीर करून म्हणाले, ‘तुम्ही खूप धाडसानं वागलात.’ ते एकदम खेकसले, ‘धाडस कसलं डोंबलाचं! मला आता ज्ञानूला सांगावं लागंल. ते कसं सांगू?’ तेव्हा मला कळलं की डॉक्टरेटचं दुःख त्यांनी कार्यालयाच्या पायरीवरच ठेवलं होतं. भीती दुसरीच होती. भावाला दिलेला पुरावा परत मागायचा होता.

तीन आठवडे पुरे झाल्यावर बरणी उघडली. माझी ताटली साफ होती. सरांच्या बाटलीवर आणि सरांच्या थुंकीवर जंतूंच्या इवल्या इवल्या वसाहती होत्या, मध्ये गडद, कडेला फिकट. दोन्हींकडं अगदी सारख्या. सरांनी पाचांतली एक प्रत घेतली, पहिल्या पानावर शाईनं लिहिलं, ‘यातले निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. कारण: माझे तोंड,’ खाली सही केली आणि ती विभागाच्या कपाटात ठेवून दिली. नवीन मुलांना ती दाखवायची असा त्यांनी नियम केला.

मग त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. पदवी नाही, मुदत नाही, विचारणारं कुणी नाही. नव्या पेशी, दोन्हीकडं फुगा, तोंडाला फडकं. बाटल्या मी अदलाबदल करून द्यायची आणि कुठली जंतूची, कुठली स्वच्छ ते शेवटपर्यंत त्यांना कळू द्यायची नाही. दोन वर्षांनी मी मोजून आकडे त्यांच्यापुढं ठेवले. स्वच्छ पेशींवर तीळ होते. जंतूच्या पेशींवरही जवळपास तेवढेच तीळ होते. दुसरा जंतू असता किंवा पेशी वेगळ्या असत्या तर उत्तर वेगळं आलं असतं कदाचित. पण आमच्या पेशी थांबल्या नव्हत्या. आत कुणी बसलंय याची दादही न लागता त्या आपल्या प्रती काढतच होत्या. मला ते पहिल्या उत्तराहून जास्त भयंकर वाटलं. सरांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली, थर्मामीटरच्या शेजारी.

ती घडी त्यांच्या निवृत्तीपर्यंत खिशातच राहिली. भावाला त्यांनी सांगितलं नव्हतं. निवृत्त होऊन लासूरला गेल्यावर सहा महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. ‘या. मोजणाऱ्या तुम्ही, तुमच्यासमोर सांगतो. एकट्याला धीर होत नाही.’

मी दुपारच्या गाडीनं गेले. अंगणात लिंबाखाली दोन बाजा होत्या. एकीवर ज्ञानदेव बसले होते, हनुवटी काठीवर टेकून. सरांनी चुलीवरून दूध आणलं, तिसरी उकळी आलेली मी ऐकली होती. भावाच्या पेल्यात दूध ओतताना त्यांनी डाव्या हातानं उपरण्याचा शेव आपल्याच तोंडावर धरला होता. मग ते समोर बसले आणि लगेच बोलायला लागले, सगळं बोलीत, खाली मान घालून. काचा चुकीच्या होत्या. माझ्या तोंडातली घाण होती. खरं बघितलं तर काम बंद पडत नाही. जंतू आत असला तरी पेशी काम करीत राहती. ‘तुला मी खोटं दाखवलं ज्ञानू. तू गावभर सांगितलंस. आता मला माफ कर.’

मला उठून जावंसं वाटत होतं. ज्ञानदेवांनी दुधाचा घोट घेतला, पेला खाली ठेवला.

‘म्हंजी जंतू आत हाय, अन् काम चालूच?’

‘व्हय.’

‘मंग बराबर हाय की दादा,’ ज्ञानदेव म्हणाले. ‘मी करीतच व्हतो काम. दोन वरीस. इहिरीवर रोज जात नव्हतो का तुझ्यासंगं?’

सरांनी उपरणं तोंडावर धरलं आणि ते तसंच धरून बसले. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले तेव्हाही ते खाली आलं नव्हतं.